रमाबाईंचा इंग्रजीचा धडा

एकोणिसाव्या शतकात आपल्याकडील शिकलेल्या घरांतून मिशनच्या बायका इंग्रजी शिकवायला येऊ लागल्या, तेव्हा त्यांच्या पिशवीत बहुधा दोन वस्तू असत. एक म्हणजे विणकामाच्या सुया व लोकर, आणि दुसरी म्हणजे बायबल. घरातल्या पुरुषांना वाटे, बायकोला चार इंग्रजी वाक्ये यावीत. शिकवणाऱ्या बाईला वाटे, हिच्या कानावर शुभवर्तमान पडावे. माजघरातल्या वडील बायकांना वाटे, ही मडमीण दाराशी आली की विटाळ झाला. शिकणारीला काय वाटते हे विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नसे.

बायबल वाचून इंग्रजी शिकण्याची ही रीत मुलांच्या शाळांत आधीपासून होती. कलकत्त्यास १८३० साली अलेक्झांडर डफ या स्कॉटिश मिशनऱ्याने इंग्रजी शाळा काढली. पहिल्याच दिवशी शुभवर्तमानाचे पुस्तक हाती घेण्यास मुले कचरू लागली. त्या वेळी राजा राममोहन रॉय तेथे हजर होते. त्यांनी मुलांना समजावले की मी सारे बायबल वाचले आहे, कुराणही वाचले आहे, तेवढ्याने मी ख्रिस्ती किंवा मुसलमान झालो नाही. वाचा आणि आपणच पारखा. मुलांनी पुस्तक घेतले. पुढे त्या मंडळींतून काही थोडे ख्रिस्ती झाले, बरेचसे झाले नाहीत, पण इंग्रजी सर्वांनाच आले. आपल्या मुंबईत जॉन विल्सन यांच्या शाळेतही शिकवण्याची तऱ्हा हीच होती.

मुलांचे असे झाले. बायकांची गोष्ट निराळी, कारण त्यांचा वर्ग घरात भरे, आणि घरात काय वाचायचे हे ठरवणारी माणसे घरातच असत. पुण्यास न्यायमूर्ती रानडे यांनी आपल्या पत्नीला इंग्रजी शिकवण्यासाठी मिस हरफर्ड नावाच्या मिशनच्या बाईंना नेमले. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत त्या दिवसांविषयी लिहिले आहे. घरातल्या बायकांचे टोमणे सोसूनच त्यांना तो अभ्यास करावा लागला. याच मिस हरफर्ड दुसऱ्या एका रमाबाईंकडेही जात असत. मला लिहायचे आहे ते या दुसऱ्या रमाबाईंविषयी, म्हणजे पंडिता रमाबाईंविषयी. त्यांचे चरित्र आपणा सर्वांना थोडेबहुत ठाऊक आहे, म्हणून सारे येथे सांगत नाही. त्यांचा इंग्रजीचा धडा आणि त्यांचे बायबलचे वाचन ही दोन कामे एकाच वेळी कशी चालली, आणि त्यात शिकवणाऱ्यांनाही कसे शिकावे लागले, एवढाच भाग घेते.

रमाबाईंना १८८२ सालापर्यंत इंग्रजी येत नव्हते. संस्कृत मात्र रक्तात होते. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवले, आणि त्या लक्ष्मीबाईंनी पहाटे, घरातली कामे सुरू होण्याआधी, मुलीला जवळ घेऊन श्लोक घोकवून घेतले. गंगामुळाच्या रानातला आश्रम सुटल्यावर हे कुटुंब गावोगाव पुराणे वाचत हिंडले. देवळात बसून संस्कृत पोथी वाचायची, लोक फुले-तांदूळ-पैसे ठेवून जात. अर्थ सांगितलाच पाहिजे असे नसे. ऐकल्याचे पुण्य ऐकणाऱ्याला, दक्षिणा वाचणाऱ्याला. रमाबाईंनी पुढे हे फार स्पष्टपणे लिहून ठेवले आहे. दुष्काळात आईवडील व बहीण गेली, भाऊ श्रीनिवास याच्याबरोबर त्या १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या आणि तेथल्या विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या.

कलकत्त्यातच कोणी ख्रिस्ती मंडळींनी त्यांना संस्कृत बायबल भेट दिले होते. गंमत पाहा, ज्या भाषेत त्यांचा हात धरणारे फार थोडे होते त्या भाषेतले हे पुस्तक त्यांना मुळीच रुचले नाही. भाषा ओळखीची असून सांगणे अगदी परके. वाचण्यात वेळ दवडू नये असे त्यांना वाटले, तरी ते पुस्तक त्यांनी टाकले नाही. लग्नानंतर सिल्चरला नवऱ्याच्या पुस्तकांत लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली पुस्तिका सापडली. ती मात्र त्यांना आवडली. यजमान बिपिन बिहारी मेधावी मिशनच्या शाळेत शिकलेले, तरी बायकोने ख्रिस्ती होण्याची भाषा काढताच त्यांना ते खपले नाही. १८८२ च्या फेब्रुवारीत ते पटकीने गेले. पदरी मनोरमा, दहा महिन्यांची.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या, जूनमध्ये आर्य महिला समाज स्थापन केला आणि 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले. इंग्रजी हवे होते ते डॉक्टरी शिकण्यासाठी. बायकांना बायकांनीच औषध द्यावे याची निकड त्यांनी सरकारने नेमलेल्या हंटर कमिशनपुढेही सांगितली. मिस हरफर्ड त्यांना नवा करार वाचून दाखवीत. पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासाचे पैसे उभे करून रमाबाई १८८३ साली मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज या गावी सेंट मेरीच्या जोगिणींच्या मठात उतरल्या. या जोगिणींचे काम पुण्यातही चाले. बोली अशी होती की मठाने रमाबाईंना इंग्रजी शिकवावे, आणि हिंदुस्थानात जाणाऱ्या जोगिणींना रमाबाईंनी मराठी शिकवावे. म्हणजे सकाळी जी शिष्या तीच दुपारी गुरू.

हे ध्यानात ठेवले पाहिजे. कारण आपल्याकडे बहुधा असे सांगतात की मठात नेऊन त्यांना ख्रिस्ती केले. आणि ख्रिस्ती मंडळी सांगतात की त्यांना प्रकाश दिसला. दोन्ही सांगण्यांत रमाबाई नुसत्या बसून आहेत. प्रत्यक्षात त्या घडीभरही बसून नव्हत्या. तो काळही सोपा नव्हता. त्यांच्या सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी त्याच वर्षी तेथे आपला जीव दिला. परक्या देशात, परक्या भाषेत, दोन वर्षांच्या मुलीसह ही बाई उरली.

इंग्रजी बायबलची भाषा म्हणजे तेव्हाही जुनी भाषा. राजा जेम्सच्या वेळचे, १६११ सालचे ते भाषांतर. त्यात आपल्या 'तू'साठी 'दाऊ' असा शब्द येतो. बाजारहाटाच्या इंग्रजीतून हा 'तू' केव्हाच गेला होता, प्रार्थनेपुरता उरला होता. इंग्रज मुलीला तो शिकवावा लागतो. आपल्याला नाही. आपण विठोबालाही तूच म्हणतो आणि आईलाही. आणखी एक योगायोग असा की रमाबाई विलायतेस पोहोचल्या त्याच सुमारास इंग्रज विद्वान आपले बायबल मूळ ग्रीक व हिब्रूशी पडताळून सुधारीत होते. सुधारलेला नवा करार १८८१ साली निघाला, जुना करार १८८५ साली. ज्या ग्रंथावर बोट ठेवून हे असेच आहे म्हणायचे, त्याची अक्षरे शिकवणाऱ्यांच्याच देशात तपासली जात होती.

वाँटेजच्या जोगिणींचे लंडनमध्ये फुलहॅम येथे एक घर होते. वाट चुकलेल्या म्हणून समाजाने टाकलेल्या बायकांना तेथे ठेवून घेत, काम शिकवीत, माणसांत आणीत. रमाबाईंना तेथे पाठवले. त्यांनी हे पाहिले आणि त्या थक्क झाल्या. आपल्या धर्मशास्त्रात अशा बाईसाठी प्रायश्चित्त पुष्कळ, घर कोठेच नाही, हे त्यांनी पाठ केलेले होते. परत आल्यावर त्यांनी शिकवणाऱ्या जोगिणीला विचारले, तुम्हांला हे करायला लावते ते काय? जोगिणीने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढून वाचला. येशू प्रवासाने थकून विहिरीवर बसला आहे, शोमरोनी जातीची एक बाई पाणी भरायला येते, तो तिच्याकडे पाणी मागतो. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत, म्हणून बाईलाच नवल वाटते की तू माझ्या हातचे पाणी कसे मागतोस. या अध्यायाने आपले मन वळले असे रमाबाईंनी पुढे लिहिले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

आता येथे माझे एक म्हणणे आहे. ही गोष्ट शिकवणाऱ्या जोगिणीपेक्षा शिकणारीला अधिक समजली असली पाहिजे. कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या नाही, हे इंग्रज बाईला टिपा वाचून कळणार. रमाबाईंनी ते गावोगावच्या पाणवठ्यांवर पाहिले होते. आमच्या मंडळात एक निवृत्त शिक्षिका दुपारी इंग्रजी शिकवीत. वाक्ये लहान, शब्द सोपे, म्हणून त्यांनी हाच अध्याय निवडला होता. बाई ख्रिस्ती, आम्ही बहुतेक हिंदू, पण त्यावरून कधी कुरकुर झाली नाही. वाचताना 'भर दुपारी' असे आले तेव्हा मागच्या बाकावरून आमच्यातल्या वयस्क बाई चटकन म्हणाल्या, "दुपारची कोण पाण्याला जाते? सकाळी साऱ्याजणी तोंड फिरवतात म्हणून ही बिचारी उन्हात एकटी आली." शिक्षिका पुस्तक खाली ठेवून त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. प्रवचनांत असे सांगतात हे मला आता ठाऊक आहे. आमच्या त्या बाईंना ते कोणी सांगितले नव्हते. त्या स्वतः वर्षानुवर्षे विहिरीवरून पाणी आणीत आल्या होत्या. त्या दिवशी क्रियापदे राहूनच गेली.

रमाबाईंच्या बाबतीत मात्र असे प्रेमाने पुस्तक खाली ठेवणे फार वेळा झाले नाही. त्यांची धर्ममाता सिस्टर जेराल्डिन. मनोरमेच्या नात्याने रमाबाई तिला पत्रातून 'आजीबाई' म्हणत. माया दोघींचीही खरी होती. परंतु जेराल्डिनला वाटे, शिष्येने आता ऐकावे. आणि रमाबाईंना वाटे, ऐकण्यासारखे असेल तर ऐकीन. १८८४ साली त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात गेल्या. तेथे संस्कृत शिकवायचे आणि स्वतः शास्त्र, गणित, इंग्रजी शिकायचे असे ठरले. कानाने कमी ऐकू येऊ लागल्यामुळे डॉक्टरीचा बेत सोडावा लागला. तेथून वाँटेजला पत्रे जाऊ लागली, आणि त्यांतून एकेक प्रश्न.

देव एक म्हणता, मग तीन कसे? हे तुमच्या उपासनेच्या पुस्तकात आहे. बायबलात कोठे आहे ते दाखवा. जो असे मानणार नाही तो नाश पावेल असे तुमच्या मतपत्रिकेत लिहिले आहे. मग माझ्या देशातली कोट्यवधी सज्जन माणसे का नाश पावणार? क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला? लॅटिनमध्ये असे काय आहे जे आमच्या संस्कृतात नाही? अंडे घातलेले पक्वान्न न खाल्ल्याने ख्रिस्ताचे काय बिघडते? लेकीला इंग्रज करून आपल्या माणसांत परकी करू नका. हे त्यांचे शब्द नव्हेत, मी मथितार्थ माझ्या शब्दांत देते आहे. १८८५ च्या मे महिन्यातल्या पत्रात तर त्यांनी साफच लिहिले की भटभिक्षुकांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान काढून घेतली आहे, ती दुसऱ्या तसल्याच जोखडात घालणार नाही. मला माझी बुद्धी आहे.

शिकवणारीची स्थिती डोळ्यांपुढे आणा. आपण जिला 'हे घर आहे, हे झाड आहे' असे शिकवले, ती वर्षा-दोन वर्षांत त्याच भाषेत, त्याच ग्रंथाचा आधार देऊन, आपल्याला निरुत्तर करते. जेराल्डिनने उत्तरादाखल अहंकाराचा दोष दिला. राग मलाही येतो ते वाचून; पण पोरीसारखी वाढवलेली बाई हातून जाते की काय ही भीतीही त्यात दिसते.

चेल्टनहॅमच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांनी हेच प्रश्न निराळ्या रीतीने घेतले. ज्या १८५८ साली रमाबाई जन्मल्या त्याच साली बीलबाईंनी त्या कॉलेजची सूत्रे हाती घेतली होती. पंचवीस वर्षे त्या स्वतः बायबलचे धडे घेत आल्या होत्या. आणि थोड्याच वर्षांपूर्वी त्यांनाही श्रद्धेच्या बाबतीत शंकांचा मोठा काळ काढावा लागला होता. म्हणून असेल, त्या रमाबाईंच्या प्रश्नाला उद्धटपणा म्हणाल्या नाहीत. समोर बसून पत्राला पत्र, मुद्द्याला मुद्दा असे त्यांनी चालवले, आणि वाँटेजला कळवले की या बाईला मुलासारखे वागवून चालणार नाही. तिच्या विचारशक्तीला पटेल असेच तिच्यापुढे ठेवले पाहिजे. जन्मभर जे गृहीत धरून शिकवले ते एका हिंदू पंडितेपुढे पहिल्यापासून सिद्ध करून दाखवायचे, म्हणजे बीलबाईंनाही आपला ग्रंथ पुन्हा वाचावा लागला असणार हे उघड आहे.

एकदा अशी सूचना निघाली की हिंदुस्थानात जाणाऱ्या इंग्रज तरुणांना रमाबाईंनी भाषा शिकवाव्यात. हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवले तर तिच्या देशात तिची अब्रू जाईल म्हणे. रमाबाईंनी विचारले, माझ्या वडिलांनी नाही हरकत घेतली, माझ्या नवऱ्याने नाही घेतली, तुम्ही कोण? ज्यांनी इंग्रजी शिकवले त्यांनाच ते इंग्रजी असे ऐकावे लागले.

१८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाच्या निमित्ताने रमाबाई अमेरिकेला गेल्या. तेथे 'हायकास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक इंग्रजीत लिहून त्यांनी विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले, पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. आता त्या शिकवणाऱ्या झाल्या होत्या, आणि तोच जुना पेच त्यांच्या दाराशी आला. शाळेत कोणाला धर्म शिकवायचा नाही असे वचन होते. पण रमाबाई सकाळी मनोरमेला घेऊन स्वतःच्या खोलीत बायबल वाचीत, प्रार्थना करीत, आणि दार लावीत नसत. मुली येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने झोड उठवली. १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी राजीनामे दिले आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या.

कोणाचे चुकले? रमाबाईंच्या खोलीचे दार त्यांचे स्वतःचे होते, आणि देवाचे नाव घेताना कडी लावून बसावे असे आपल्यापैकीही कोणी करीत नाही. पण ज्या मुलीला जगात दुसरे घर नाही, तिला उघडे दार आणि बोलावणे यांत फरक कितीसा वाटणार? पालकांची भीती निव्वळ खोटी म्हणता येत नाही. मात्र सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई तेथे राहून शिकली, ख्रिस्ती झाली नाही, आणि १८९३ सालीच अण्णासाहेब कर्व्यांशी लग्न करून आनंदीबाई कर्वे झाली. दार उघडे असूनही जिला बसायचे नव्हते ती बसली नाही, हेही घडले आहे.

याच सुमारास स्वतः रमाबाईंचेही वाचन बदलले. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना जाणवले की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला खरा, पण त्यामागचा तारणारा आपल्याला अजून भेटलेला नाही. म्हणजे बुद्धीला पटलेले मनाला भिडायला इतकी वर्षे लागली. विलायतेत ज्या गोष्टींवर भांडल्या त्यांतल्या काही त्यांनी पुढे आपणहून मानल्या. काहींविषयी शेवटपर्यंत कोणत्याही एका पंथाच्या झाल्या नाहीत.

१८९६ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली व बायका गोळा करून आणल्या. पुण्याजवळ केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. तेथे टाकलेल्या बायकांसाठी 'कृपासदन' असेही एक घर झाले. फुलहॅमचे ते घर आणि विहिरीवरची ती बाई रमाबाई विसरल्या नव्हत्या. आणि तेथे एक नवीनच अडचण पुढे आली. खेड्यातून आलेल्या या बायकांना चालू मराठी बायबल वाचून दाखवले तर कळेना. पंडिती शब्द, संस्कृताने जड झालेली वाक्ये. जन्माने संस्कृत पंडिता असलेल्या रमाबाईंनी ठरवले की हे संस्कृत काढले पाहिजे. पण इंग्रजीवरून मराठी करायचे नाही. एका भाषांतराचे दुसरे भाषांतर नको. पन्नाशीच्या आसपास त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. ज्या इंग्रजीसाठी समुद्र ओलांडला, ती भाषा आता मूळ पुस्तके समजून घेण्यापुरती साधन झाली.

पंधराएक वर्षे हे काम चालले. छापखाना केडगावचाच, चालवणाऱ्या बायकाच. दुष्काळातून आलेल्या, पाटीही पूर्वी न पाहिलेल्या मुली मराठीचेच नव्हे तर हिब्रू-ग्रीकचे खिळेही जुळवू लागल्या. शिकणाऱ्यांसाठी रमाबाईंनी हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहिले. नवा करार आधी छापून झाला. १९२१ च्या जुलैत मनोरमा गेली. आईने काम थांबवले नाही. १९२२ च्या ५ एप्रिलला स्वतः जाईपर्यंत भाषांतर हातावेगळे केले, आणि संपूर्ण पुस्तक त्यांच्या मागून बाहेर आले.

सिस्टर जेराल्डिनने रमाबाईंची ती सारी भांडखोर पत्रे जपून ठेवली होती, आणि म्हातारपणी आपल्या हाताने क्रमाने लावून त्यांची वही केली. तिच्याविरुद्ध लिहिलेलेही त्यातून काढले नाही. महाराष्ट्राच्या साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली ती इंग्रजीत छापली.